भूशास्त्राचं पहिलं वर्ष: कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी भूशास्त्र घेतलं की बहुतेकांना वाटतं, शाळेतल्या भूगोलाचाच हा मोठा भाग असणार. नद्या, पर्वत, ज्वालामुखी यांची नावं पाठ केली की झालं. कोर्स तसा नाही. यात वर्गाइतकाच वेळ प्रयोगशाळेच्या टेबलावर, हातात दगड धरून जातो आणि वर्षातून निदान एकदा तरी उन्हातान्हात फिल्डवर जावं लागतं. पाठांतराने थिअरीचा पेपर निघतो, पण प्रॅक्टिकलला ते उपयोगी पडत नाही. सुरुवातीलाच एक सवय लावून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं: आधी दिसतं ते लिहायचं, नाव नंतर द्यायचं. खालच्या बहुतेक सूचना या एका सवयीच्याच आहेत.

वर्गात काय शिकवतात

पहिल्या सत्रात सहसा पृथ्वीची रचना, प्लेट टेक्टॉनिक्स, ज्वालामुखी, भूकंप, खडकांची झीज, नदी-समुद्र-वारा यांचं काम आणि भूकालगणना असते. खनिजशास्त्र, स्फटिकशास्त्र आणि खडकांचे तीन मुख्य प्रकार त्याला जोडून किंवा दुसऱ्या सत्रात येतात. जीवाश्म आणि भारतातल्या खडकांचा कालक्रम यांची तोंडओळख होते, सविस्तर अभ्यास पुढच्या वर्षी. नव्या क्रेडिट पद्धतीत थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात. म्हणजे २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल ६० तासांचं झालं. या तासांना दांडी मारली तर ते घरी भरून निघत नाही, कारण नमुने घरी नेता येत नाहीत.

आकड्यांची एक अडचण पहिल्याच आठवड्यात येते. पुस्तकं काळ ‘मिलियन’ आणि ‘बिलियन’मध्ये देतात. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी किंवा १ अब्ज. पृथ्वीचं वय ४.५४ अब्ज, म्हणजे ४५४ कोटी वर्षं. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६६ मिलियन, म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. वहीच्या पहिल्या पानावर हे रूपांतर लिहून ठेवा. पेपरात ६६ कोटी लिहिलं की उत्तर दहापट चुकतं आणि दर वर्षी कोणीतरी ते लिहितंच.

थिअरीतली उदाहरणं पुस्तकात बहुधा परदेशातली असतात. ती वाचा, पण प्रत्येकासमोर कोकणातलं एक उदाहरण लिहा. दरडी कोसळण्याच्या प्रकरणात तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) ही नावं यायलाच हवीत. अतिवृष्टी, तीव्र उतार आणि पक्क्या खडकावर बसलेला झिजलेल्या मातीचा जाड थर एकत्र आले की काय होतं, हे रायगडमधल्या माणसाला पुस्तकाने शिकवण्याची गरज नाही. पण उतारावर आधी कोणत्या खुणा दिसतात, हे शिकण्याची गरज नक्की आहे: वरच्या बाजूला पडलेल्या भेगा, कललेली झाडं आणि खांब, एकाएकी फुटलेले किंवा गढूळ झालेले झरे. भूकंपाच्या प्रकरणात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घ्या. धरणाच्या जलाशयाचा आणि भूकंपाचा संबंध जगभर शिकवताना तेच उदाहरण देतात. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी उन्हवरे, तुरळ, राजापूर आणि वज्रेश्वरीजवळची अकलोली आहेत. कोकणात जागता ज्वालामुखी नाही. पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि पुन्हा वर येतं. परीक्षेत ‘ज्वालामुखीमुळे’ असं लिहू नका.

खनिज ओळखणं: टेबलावरचा क्रम

पहिल्या प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये दहा-बारा नमुने ठेवतात. नमुना हातात आला की लगेच नाव शोधायचा मोह होतो. तो आवरा आणि हा क्रम पाळा.

१. रंग लिहा, पण त्यावर विसंबू नका. क्वार्ट्झ पांढरा, गुलाबी, जांभळा, धुरकट कसाही असतो.

२. चकाकी बघा: धातूसारखी, काचेसारखी, मोत्यासारखी, रेशमासारखी की मातकट. नमुना खिडकीकडे धरून फिरवा. ट्यूबलाइटखाली मोत्यासारखी आणि काचेसारखी चकाकी यांत गफलत होते.

३. कस, म्हणजे स्ट्रीक, बिनग्लेझच्या चिनीमातीच्या पट्टीवर काढा. घरी सराव करायचा तर लादीची मागची खरखरीत बाजू चालते. हेमॅटाइट काळा दिसो वा चंदेरी, त्याचा कस तांबूस-तपकिरीच येतो. मॅग्नेटाइटचा काळा, लिमोनाइटचा पिवळट तपकिरी. पट्टीचं काठिण्य साधारण ६.५ ते ७ असतं. त्याहून कठीण खनिज घासलं तर त्याचा कस मिळत नाही, पट्टीचीच पूड निघते. क्वार्ट्झपुढे ‘कस पांढरा’ असं लिहितात ते बऱ्याचदा यामुळेच.

४. काठिण्य तपासा. फ्रिडरिश मोस यांनी १८१२ साली मांडलेली श्रेणी पाठ हवी: टाल्क १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, ॲपाटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्झ ७, टोपाझ ८, कोरंडम ९, हिरा १०. हाताशी असलेली साधनं: नख सुमारे २.५, काच आणि चाकूचं पातं सुमारे ५.५. ओरखडा काढल्यावर अंगठ्याने पुसून बघा. पुसल्यावर रेघ गेली तर ती ओरखडा नव्हती, मऊ वस्तूची पूड कठीण वस्तूवर राहिली होती. ओरखडा ताज्या पृष्ठभागावरच काढा. झिजलेली बाजू नेहमीच मऊ लागते.

५. क्लीव्हेज, म्हणजे पाटन, बघा. एका ठरावीक प्रतलावर खनिज सपाट फुटतं का, आणि अशी किती प्रतलं आहेत? अभ्रकाला एक, फेल्डस्पारला दोन (जवळपास काटकोनात), कॅल्साइटला तीन (७५ आणि १०५ अंशांत), फ्लोराइटला चार. क्वार्ट्झला पाटन नसतं, तो शंखासारखा वक्र फुटतो. इथे नवख्यांची हमखास फसगत होते: स्फटिकाचा बाहेरचा सपाट चेहरा म्हणजे पाटन नव्हे. पाटनाची प्रतलं एकामागे एक, पायऱ्यांसारखी पुन्हा पुन्हा दिसतात. स्फटिकाचा चेहरा एकदाच दिसतो आणि तिथे फोडलं की तो परत मिळत नाही.

६. विशिष्ट गुरुत्व. हातात जड-हलकं वाटणं आधी लिहा, मग मोजा. हवेतलं वजन भागिले (हवेतलं वजन वजा पाण्यातलं वजन). हवेत ५३ ग्रॅम आणि पाण्यात ३३ ग्रॅम भरलं तर ५३ ÷ २० = २.६५, म्हणजे क्वार्ट्झ असू शकतो. बराइट ४.५ च्या आसपास, मॅग्नेटाइट ५.२, गॅलेना ७.५. छिद्रांत हवेचे बुडबुडे राहिले तर उत्तर कमी येतं, म्हणून नमुना पाण्यात बुडवल्यावर हलवून बुडबुडे जाऊ द्या.

७. शेवटी चुंबक आणि १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब. कॅल्साइट जोरात फसफसतं, डोलोमाइट पूड केल्यावर हळू फसफसतं. आम्ल विरळ करायचं काम प्रयोगशाळा सहायकाचं आहे, ते स्वतः करू नका. नेहमी पाण्यात आम्ल ओततात, आम्लात पाणी नाही. थेंब टाकल्यावर नमुना धुऊन पुसा, नाहीतर पुढच्या बॅचला तोच नमुना खडबडीत आणि चकाकी गेलेला मिळतो.

आपल्या भागात हा क्रम सर्वांत जास्त कामी येतो तो बेसाल्टच्या पोकळ्यांत भरलेलं पांढरं खनिज ओळखताना. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे थिजून पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत खनिजं वाढली. पांढरं दिसलं की कोणी क्वार्ट्झ लिहितं, कोणी झिओलाइट. दोन चाचण्यांत निकाल लागतो. चाकूने ओरखडा उठत नाही: क्वार्ट्झ किंवा कॅल्सेडनी. ओरखडा उठतो आणि आम्लाने फसफसतं: कॅल्साइट. ओरखडा उठतो पण फसफसत नाही: बहुधा झिओलाइट, आणि पाटनावर मोत्यासारखी चकाकी असेल तर स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइटचा विचार करा. पोकळीतलं कॅल्साइट फसफसलं म्हणून ‘बेसाल्ट आम्लाला प्रतिसाद देतो’ असं मात्र लिहू नका. थेंब कुठे पडला ते भिंगातून बघा.

खडक: कोकणात फसवणारे नमुने

खडकाचं वर्णन करताना चार ओळी पुरतात: रंग, कणांचा आकार, कणांची मांडणी, दिसणारी खनिजं. त्यानंतर प्रकार आणि नाव. अग्निजन्य खडकांत कणांचा आकार थंड होण्याचा वेग सांगतो. एकाच प्रकारच्या शिलारसापासून बारीक कणांचा बेसाल्ट, मध्यम कणांचा डोलेराइट आणि जाड कणांचा गॅब्रो होतो. कोकणात डोलेराइट बहुतेक डाइकमध्ये सापडतो. भेगांत घुसून उभा थिजलेला हा खडक रायगडच्या किनाऱ्यावर, मुरूडच्या आसपास, खडकाळ भागात लांब भिंतीसारखा चाललेला दिसतो.

जांभा आणि पोकळ्यांचा बेसाल्ट यांची अदलाबदल प्रॅक्टिकलला इतक्यांदा होते की थोडं थांबून सांगतो. दोन्हींत छिद्रं असतात आणि पावसाळा खाल्लेला बेसाल्टही वरून तांबडा होतो. भिंग लावून छिद्रांकडे बघा. बेसाल्टमधली छिद्रं गोल किंवा लांबट, एकमेकांपासून सुटी आणि कडेने गुळगुळीत असतात. मधला भाग काळा-करडा, घट्ट आणि त्यात प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारच्या बारीक चकचकीत काड्या. जांभ्यातली छिद्रं वेडीवाकडी, नळीसारखी आणि आतून एकमेकांना जोडलेली असतात, त्यांत पिवळट माती भरलेली. मधला भाग तांबडा-पिवळा, त्यात एकही स्फटिक चमकत नाही. बोट ओलं करून घासलं तर तांबडा डाग येतो. पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या पोकळ्यांचा बेसाल्ट असाच ‘काँग्लोमरेट’ म्हणून लिहिला जातो. काँग्लोमरेटमधले गोटे वेगवेगळ्या खडकांचे असतात, पोकळीतला भराव तसा नसतो.

जांभ्याला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली केरळातल्या अंगाडिपुरम इथल्या दगडावरून दिलं. उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत मूळ खडकातून सिलिका आणि विरघळणारे क्षार वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. अ‍ॅल्युमिनियम जास्त उरलं तर बॉक्साइट, जे दापोली-मंडणगडकडे मिळतं. खाणीतून ताजा कापलेला चिरा मऊ असतो आणि हवेवर टणक होतो, हे कोकणात गवंड्यालाही माहीत आहे. कारण उत्तरात लिहायचं ते असं: ओलावा गेला की लोहाची संयुगं घट्ट जमतात.

एखादी चिरेखाण किंवा रस्त्याचं खोदकाम बघायला मिळालं तर वरपासून खालपर्यंतचा छेद वहीत काढा. सर्वांत वर सड्याचा (जांभ्याच्या उघड्या पठाराचा) कठीण कातळ, खाली चिरे निघतील असा मऊ जांभा, त्याखाली पांढुरकी-जांभळट चिकणमाती, मग मुरूम झालेला बेसाल्ट आणि शेवटी काळा पक्का दगड. या एका चित्रात कोकणातल्या पाण्याचा प्रश्न समजतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही सड्यावरच्या वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो. जांभा पाणी पटकन आत घेतो आणि तितक्याच पटकन सोडतो. खालची चिकणमाती ते अडवते, आणि दोन्हींच्या सांध्यावर, सड्याच्या पायथ्याशी, झरे फुटतात. सड्यावर जागा न बघता खोदलेली विहीर म्हणूनच लवकर आटते.

सिंधुदुर्गातल्या विद्यार्थ्यांना एक मोठी सोय आहे. उत्तरेकडे जवळजवळ सगळीकडे बेसाल्ट आणि जांभा. दक्षिणेकडे बेसाल्टचं आवरण पातळ होत संपतं आणि खालचे जुने खडक उघडे पडतात. नाइस, शिस्ट आणि क्वार्ट्झाइट हे रूपांतरित खडक, कलादगी समूहाचे वालुकाश्म, रेडीचं लोहखनिज हे सगळं एका जिल्ह्यात बघायला मिळतं. २५० कोटी वर्षांहून जुन्या नाइसवर जिथे थेट ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट बसला आहे, तिथे मधल्या २४० कोटींहून अधिक वर्षांची नोंदच खडकांत नाही. ‘अनकन्फॉर्मिटी’ची व्याख्या पाठ करण्याऐवजी हे उदाहरण समजून घ्या, व्याख्या आपोआप लिहिता येते.

सूक्ष्मदर्शक आणि स्फटिकांची मॉडेलं

पहिल्या वर्षी सूक्ष्मदर्शकाची फक्त ओळख होते. खडकाचा काप ०.०३ मिलिमीटर जाड असतो, इतका की त्यातून प्रकाश आरपार जातो. आधी एका पोलरायझरने (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकतीने) बघा: रंग, आकार, पाटनाच्या रेघा. मग दुसरा सरकवा. स्टेज फिरवताना खनिज ३६० अंशांत चार वेळा काळं होतं, तो त्याचा ‘एक्स्टिंक्शन’. योग्य जाडीच्या कापात क्वार्ट्झ करडा-पांढरा दिसतो. तो पिवळा दिसला तर काप जाड राहिलाय. भिंग खाली आणताना डोळा बाजूला ठेवून कापाकडे बघा, नाहीतर काप फुटतो. कोकणच्या दमट हवेत भिंगांना बुरशी धरते, त्यामुळे स्वतःचं हँडलेन्स वापरून झालं की सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डब्यात ठेवा.

लाकडी मॉडेलवर सममिती मोजताना एकच चूक होते: तेच प्रतल दोनदा मोजलं जातं. मोजलेल्या प्रतलावर रबरबँड चढवा किंवा खडूने बारीक खूण करा, शेवटी पुसून टाका. घनाची मोजणी पाठ असू द्या, बाकीच्यांसाठी तो ताळा होतो: ९ प्रतलं, १३ अक्ष (३ चौपदरी, ४ तिपदरी, ६ दुपदरी) आणि केंद्र.

नकाशा आणि छेद

गुण जाण्याची सर्वांत मोठी जागा हीच, आणि थोड्या सरावाने भरून येणारीही हीच. स्ट्राइक आणि डिप या दोन कल्पना आधी पक्क्या करा. कललेल्या थराच्या पृष्ठभागावर पाणी ओता: ते ज्या दिशेने उतरतं ती डिपची दिशा. त्याच्या काटकोनात, पृष्ठभागावरची आडवी रेघ म्हणजे स्ट्राइक. डिप ० ते ९० अंशांतच असतो आणि त्याची दिशा लिहावीच लागते. ‘डिप १२ अंश’ हे अर्धवट उत्तर आहे, ‘१२ अंश, पश्चिमेकडे’ हे पूर्ण.

छेद काढण्याचा क्रम असा. नकाशावर दिलेल्या रेषेवर कागदाची सरळ कडा ठेवा आणि प्रत्येक समोच्च रेषा जिथे कडेला छेदते तिथे खूण करून उंची लिहा. त्याच कडेवर खडकांच्या सीमाही वेगळ्या रंगाने उतरवा. आलेखाच्या कागदावर पायारेषा आखून त्या उंचीचे बिंदू उभे करा आणि हाताने, गुळगुळीत रेषेने जोडा. फूटपट्टीने जोडलेले डोंगर करवतीसारखे दिसतात आणि गुण कापले जातात. आता सीमांच्या बिंदूंपासून डिपच्या कोनाने थर आत उतरवा.

चुकतं ते उभ्या प्रमाणात. १:५०,००० च्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. उंची मोठी दिसावी म्हणून उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला १०० मीटर घेतले तर छेद पाचपट ताणला जातो. मग १० अंशांचा डिप १० अंशांनी काढून चालत नाही, त्या चित्रात तो सुमारे ४१ अंशांचा येतो. पहिल्या वर्षी दोन्ही प्रमाणं सारखीच ठेवणं शहाणपणाचं. दुसरी चूक अशी की छेदाची रेषा स्ट्राइकला काटकोनात नसतानाही खरा डिप वापरणं. तिथे दिसणारा डिप कमी असतो: त्याचा टॅन = खऱ्या डिपचा टॅन × छेदरेषा आणि स्ट्राइक यांतल्या कोनाचा साइन. खरा डिप ३० अंश आणि कोन ४५ अंश असेल तर छेदात सुमारे २२ अंश काढायचे.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० टोपोशीटवर (उंचसखलपणा दाखवणाऱ्या नकाशावर) समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात. दख्खनचे लाव्हाथर बहुतेक ठिकाणी जवळजवळ आडवे, म्हणून नकाशावर दोन थरांची सीमा समोच्च रेषांना समांतर जाते. पनवेलच्या आसपास मात्र हे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. तिथे हाच नियम लावला तर सीमा चुकते.

फिल्डवर जाताना

सामान थोडं पण नेमकं हवं: भूशास्त्राचा हातोडा, १० पटीचं हँडलेन्स, क्लिनोमीटर-कंपास (थराचा कल आणि दिशा मोजायला), चाकू, चुंबक, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, मार्कर, नमुन्यांच्या पिशव्या, संरक्षक चष्मा, जाड तळव्याचे बूट आणि दोन लिटर पाणी. शाईचं पेन घामाने आणि खाऱ्या हवेने पसरतं, म्हणून पेन्सिल. २० किंवा ३० पटीचं भिंग घेऊ नका, त्यात दिसतं थोडंसंच आणि अंधार पडतो. १० पटीचं भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि दगड भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर आणा. दगडाजवळ भिंग धरून लांबून बघितलं तर काही दिसत नाही.

खडकासमोर पोहोचल्यावर लगेच हातोडा चालवू नका. दहा पावलं मागे उभं राहून आधी चित्र काढा, त्यावर दिशा आणि प्रमाण लिहा. मग जवळ जाऊन ताजा तुकडा फोडा. कोकणात शेवाळ, लोहाचा तांबडा थर आणि मीठ यांमुळे सगळे खडक बाहेरून एकाच रंगाचे दिसतात. आतला ताजा पृष्ठभाग बघितल्याशिवाय वहीत नाव लिहू नका. बेसाल्टचे टवके सुरीसारखे उडतात, चष्मा त्यासाठी आहे, आणि हातोडा मारताना समोर कोणी उभं नको. नमुना मुठीएवढा पुरतो. नंबर सपाट बाजूवर मार्करने लिहा, तोच पिशवीवर आणि तोच वहीत. पिशवीत टाकलेली चिठ्ठी दमट हवेत विरघळते.

कंपास वापरताना हातोडा, चुंबक आणि मोबाइल लांब ठेवा. जांभ्यात आणि बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिजं असल्याने सुई कधी कधी भरकटते. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ तर ही गोष्ट प्रसिद्धच आहे. ताळा असा करा: अ ठिकाणाहून ब ची दिशा घ्या, मग ब वरून अ ची. दोन्हींत १८० अंशांचा फरक यायला हवा. नाही आला तर दोन्हीपैकी एका ठिकाणी सुई चुकते आहे, जागा बदलून परत घ्या. कातळशिल्पांवर, किल्ल्यांच्या दगडावर आणि लेण्यांत हातोडा कधीही काढायचा नाही. खाणीत जायचं तर मालकाची परवानगी आणि हेल्मेट हवं, आणि सुट्या दरडीखाली कोणी उभं राहू नये.

किनाऱ्यावर काम करायचं तर भरतीची वेळ आधी बघा. कोळ्यांचा जुना हिशोब आजही चालतो: तिथीला तीनाने गुणून चाराने भागा, भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला ४ × ३ ÷ ४, म्हणजे सुमारे ३ वाजता भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, ९ च्या सुमारास ओहोटी. ठरवण्यापूर्वी भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी समुद्रात खूप मागे जातं, खडक जास्त उघडे पडतात, पण परतताना पाणी तितक्याच जोरात येतं. ओहोटीच्या दीड तास आधी काम सुरू करा आणि पाणी वळलं की निघा. ओल्या, शेवाळलेल्या खडकावर घसरून हात मोडणं हा किनाऱ्यावरच्या फिल्डचा सर्वांत नेहमीचा अपघात.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, जयगड ते विजयदुर्ग पट्ट्यात, वाळूत काळे पट्टे दिसतात. चिमूटभर वाळू कागदावर पसरा, चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून फिरवा. झटकन उडून चिकटतात ते मॅग्नेटाइटचे कण. मागे राहिलेल्या काळ्या कणांत बरंचसं इल्मेनाइट असतं. चुंबक उघडाच फिरवला तर कण त्यावरून निघता निघत नाहीत, म्हणून पिशवी. भिंगाखाली याच वाळूत शिंपल्यांचे तुकडेही दिसतील, आणि आम्लाचा थेंब टाकला तर फसफसतात ते तेच.

जर्नल, परीक्षा आणि पुढचं

जर्नल त्याच आठवड्यात लिहून सही घ्या. सत्राच्या शेवटी नमुने परत मिळत नाहीत आणि दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवलेलं वर्णन तुमच्या ट्रेमधल्या नमुन्याशी जुळत नाही. स्पॉटिंगला, म्हणजे नमुने ओळखायच्या परीक्षेत, प्रत्येक नमुन्यासमोर दोन-तीनच मिनिटं मिळतात. पहिल्या मिनिटात काठिण्य, पाटन आणि चकाकी लिहा, नाव सुचलं नाही तरी या नोंदींचे गुण साधारणपणे मिळतात. तोंडी परीक्षेत नाव विचारलं आणि ते येत नसेल तर नमुना हातात घेऊन गुणधर्म सांगायला लागा. परीक्षक बहुतेक वेळा पुढचा प्रश्न त्यावरूनच विचारतात.

भूशास्त्रात पुढे जायचं असेल तर एम.एस्सी.साठी आय.आय.टी. जॅम ही प्रवेश परीक्षा आणि त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा आहे. दुसरीला पदव्युत्तर पदवी लागते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, खाणकाम, रेल्वे आणि रस्त्यांचे बोगदे या ठिकाणी भूशास्त्र शिकलेली माणसं लागतात. कोकण रेल्वेवरच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यासारखं काम खडक ओळखल्याशिवाय आखता येत नाही. दुसऱ्या वर्षी विषयांची जोडी निवडताना रसायनशास्त्र शक्यतो सोडू नका. सिलिकेट खनिजांची रचना, जांभ्याची घडण आणि भूजलाची प्रत हे तिन्ही तिथूनच समजतात, आणि भूशास्त्रातल्या पुढच्या पेपरांत तेच सर्वांत जास्त लागतं.